दोन पक्के टाके

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार याच घराचा तळमजला, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी थेट दोनपर्यंत आले आणि आता पुढे काय करू म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, "बास, आजी, बास." चष्म्याशिवाय सुई ओवता येते का, हे त्यांनी विचारले नाही. येते. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

वकिलांचे म्हणणे पडले की मोजक्या शब्दांत लिहा. माझे सगळे आयुष्य मोजमापात गेले. या कागदावर तरी मी मोजत बसणार नाही, त्यांनी समजून घ्यावे.

कलम १. घराचा तळमजला आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझ्या मुलाला मिळावे. तो दुसऱ्या शहरात पूल बांधतो आणि दर रविवारी फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारतो. बापाचे वळण, दुसरे काय. मुला, घर विकायचे तर खुशाल विक. शिवणखोलीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्यांवर कोणी रंग मारण्याआधी एकदा येऊन बघून जा, इतकेच.

कलम २. पायमशीन, मोठी कात्री आणि कागदाचे सगळे साचे माझ्या हाताखाली बारा वर्षे शिकलेल्या मुलीला द्यावेत, जिला गल्ली काजवाली म्हणते, कारण तिच्यासारखी काजे आसपास कोणाला जमत नाहीत. कात्रीने कागद कापायचा नाही. मशीन डाव्या पायाने सुरू होते, उजव्याने रुसते. पोरी, गिऱ्हाइकाला "उद्या देते" म्हणायची खोड सोड. माझ्याकडून तेवढे एकच वाईट शिकलीस.

कलम ३. उभा आरसा समोरच्या पाववालीला द्यावा. त्याचे कारण सांगायचे तर पोशाखाच्या हुकुमाचे सांगावे लागेल, कारण हल्लीच्या मुलींना ते खोटे वाटते. सव्वीस वर्षांपूर्वी सरकारने हुकूम काढला. बाईच्या कपड्याची कड जमिनीपासून चार बोटांहून वर नको, बाही मनगटापर्यंत हवी, रंग राखाडी, तपकिरी नाहीतर गडद निळा. चौकाचौकात आणि कचेऱ्यांच्या दारात काठीवर बोटांच्या खुणा केलेली माणसे उभी राहिली. लोक त्यांना मापाडी म्हणत. पहिल्या आठवड्यात लोक हसले, दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अर्ज केले आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या दारात रांग लावली.

पाववाली मात्र हुकूम हातात घेऊन आली आणि म्हणाली, "यात कमीत कमी किती ते लिहिलंय. जास्तीत जास्त किती ते कुठंय?" मग मी चाळीस-पन्नास बायकांच्या झग्यांना दोन-दोन वीत जादा कापड जोडून दिले. एका सकाळी त्या सगळ्या जणी बेकरीपासून कचेरीपर्यंत झगे फरफटत चालत गेल्या. रस्ता असा लख्ख झाडून निघाला की झाडूवाल्याने हात जोडले. मापाडी धुळीने शिंकत होते, आणि नियमात बसत नाही असे एकीचेही काही नव्हते. पुढच्या आठवड्यात हुकुमाला दुरुस्ती आली. पण त्या फेरीच्या आदल्या दिवशी तो झगा घालून पाववाली या आरशासमोर उभी राहिली होती आणि हसता हसता खालीच बसली होती. त्या दिवसांत इतके मोकळे हसू मी दुसरे पाहिले नाही. आरसा तिचाच आहे.

कलम ४. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याला काही नाही. रंगीत कापड कोणी नेले त्याची यादी तो दर शनिवारी कचेरीत पोचवायचा. हुकूम गेल्यावर "मी पहिल्यापासून विरोधात होतो" म्हणत गावभर मिरवला. मी त्याला माफ केलेले नाही आणि मेल्यावर करीन असेही वाटत नाही. माझ्या शेवटच्या वाटेवर त्याला पुढे चालू देऊ नये. मागून आला तर येऊ द्यावे, तेवढीच गर्दी दिसेल. बाकी त्या दिवशी कोणी काय घालून यावे यावर माझी कसलीही अट नाही. माझ्या अंगावर पिवळा झगा घालावा. तो कपाटात वरच्या खणात आहे.

कलम ५. वरच्या मजल्यावरची खोली, जिन्यासकट, माझ्या नणंदेला मिळावी. ती तिथे तेवीस वर्षे राहते आहे, तेव्हा यात मी मोठे काही देते आहे असे नाही. मला द्यायचे आहे ते दुसरेच आहे, आणि ते सांगायला मला तेवीस वर्षे लागली.

मी लग्न होऊन आले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे ती पोस्टात लागली आणि सायकलवरून टपाल वाटू लागली. हुकूम आला आणि तिची पंचाईत झाली, कारण इतका लांब स्कर्ट सायकलच्या साखळीत जातो. त्यावर मी एक युक्ती काढली. घेराला आतून घडी घालायची, ती कच्च्या धावदोऱ्याने धरून ठेवायची आणि दोऱ्याचे टोक खिशात सोडायचे. मापाडी दिसला की टोक ओढायचे. दोरा सरसर निघून येतो आणि कड खाली उतरते. वर्षभरात निम्म्या गावाच्या घेरांत माझे धावदोरे होते.

आता आमचे हे. ह्यांची नोकरी वजनमापे खात्यात होती. दुकानदारांचे तराजू तपासायचे. पाव किलोला पाव किलोच म्हणणारा माणूस. हुकूम आल्यावर खात्याने ह्यांच्या हातात काठी दिली आणि चौकात उभे केले. हे दिवसा बायकांचे घेर मोजत होते आणि घरात मी घड्या घालत होते. ह्यांना सगळे माहीत होते. एका शब्दाने कधी विचारले नाही. फक्त बरोबर वरचे साहेब असले की हे लांबूनच मोठ्याने खोकायचे, म्हणजे बायका वेळेवर दोरा ओढायच्या. खात्याने ह्यांना खोकल्याचे औषध लावून दिले. हे बिचारे ते घेतही होते.

हुकुमाच्या तिसऱ्या वर्षी नणंदेची घडी चालत्या सायकलवर आपोआप सुटली. स्कर्ट साखळीत गेला आणि ती तोंडावर आपटली. गुडघा टम्म सुजला. मला फार लागले ते. दुसऱ्या दिवशी घडी पुन्हा घालताना मी दोन्ही टोकांना एकेक उलट टीप मारली. दोनच टाके, पोरगी पुन्हा पडू नये म्हणून. जोराने ओढले तर तेही निघतील असे मी धरून चालले. पण माझ्या हाताला उलट टीप कच्ची मारायची सवयच नव्हती. माझे टाके निघत नाहीत, हीच तर माझी फुशारकी होती.

त्या दुपारी चौकात साहेब ह्यांच्या शेजारी उभे होते, हातात स्वतःची फीत घेऊन. ती सायकलवरून येताना दिसली तसे हे खोकले. पुन्हा खोकले. तिसऱ्यांदा खोकले तेव्हा साहेबांनी वळून पाहिले. ती दोरा ओढत होती, ओढत होती, आणि घडी काही सुटत नव्हती. ह्यांनी काठी लावली आणि माप सांगितले, "नऊ बोटं." साहेबांच्या फितीवरही तेच आले असते. तिची नोकरी गेली, सायकल गेली आणि महिनाभर चौकातल्या फळ्यावर नाव राहिले. तिला पोस्टाची खोली सोडावी लागली म्हणून ती आमच्या वरच्या मजल्यावर आली. त्या दिवसापासून ती भावाशी एक अक्षर बोलली नाही. मला मात्र तीच गोष्ट शंभरदा सांगितली, "तुझ्या नवऱ्यानं मला भर चौकात मोजलं, वहिनी. शेजारच्या बाईला सोडलं आणि मला मोजलं."

जप्त केलेला स्कर्ट नोंदीसाठी ह्यांच्याच टेबलावर आला. ह्यांनी घडी उलटून पाहिली. माझी टीप हे अंधारातसुद्धा ओळखतील. घरी येऊन हे शिवणखोलीत माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "तिला सांगायचं नाही."

मी म्हटले, "अहो, चूक माझी आहे. मी सांगते ना."

"माझ्यावर चिडली तर ती तुझ्याकडे येईल. तुझ्यावर चिडली तर कुठे जाईल? तिला तू तरी राहू दे."

मी ऐकले. मला ते सोयीचे होते, हेही लिहून ठेवते. तिची वहिनी राहणे मला हवे होते आणि त्यासाठी ह्यांनी तिचा दादा असणे सोडून दिले. हुकूम पुढे तीन वर्षांनी गेला. भिंतींवर चिकटवलेले हुकुमाचे कागद पांढऱ्या रंगाखाली झाकले आणि कोणी कोणाला काही बोलले नाही. आमच्या घरात मात्र तो तसाच राहिला. त्या दुपारनंतर नऊ वर्षे हे खाली आणि ती वर. हे आरामखुर्चीत बसून छताकडे कान लावायचे आणि म्हणायचे, "आज उजवा पाय ओढतेय. गुडघा दुखत असेल. तेल दे पाठवून." मी तेल माझे म्हणून द्यायची. हे गेले तेव्हा ती खाली उतरली नाही.

तर नणंदेसाठी माझी खरी मिळकत ही : त्या चौकात तुझ्या भावाने तुला वाचवायचा तीनदा प्रयत्न केला. घडी अडली ती माझ्या टाक्यांनी. मी तुझी गुन्हेगार आहे. तो नव्हता.

पुरवणी, वरील मजकुरानंतर आठ दिवसांनी.

हे सगळे लिहून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. मेल्यावर सांगणे म्हणजे दार वाजवून पळून जाण्यासारखे झाले. म्हणून मी कच्चा मसुदा नणंदेच्या हातात दिला आणि म्हटले, आत्ता वाच. तिने तो जिन्यातच बसून वाचला आणि वर निघून गेली. तीन दिवस वर पाठवलेले ताट जसेच्या तसे परत आले. चौथ्या दिवशी सकाळी ती खाली आली आणि बरोबर ह्यांच्या खुर्चीत बसली.

"गुडघ्यासाठी मारलेस ते टाके?"

"हो."

"मूर्ख आहेस तू, वहिनी."

"आहेच."

"आणि तो तुझ्याहून मूर्ख." तिने खुर्चीच्या दोन्ही हातांवरून तळवे फिरवले. "मी वर मुद्दाम पाय आपटत चालायचे. त्याला त्रास व्हावा म्हणून. नऊ वर्षं आपटले गं."

मी म्हटले, "बरं केलंस. त्यावर तर त्यांचा दिवस जायचा." तेव्हा ती रडली. ह्यांना जाऊन चौदा वर्षे झाली आणि ती तेव्हा रडली. मी तिला जवळ घेतले. त्रेसष्ट वर्षांची बाई, पण मला ती चौदाचीच वाटली.

आज सह्यांसाठी वकील घरी आले. साक्षीदार म्हणून पाववालीची मुलगी होती, दुसरा त्यांचा कारकून होता. नणंद म्हणाली, "कारकून नको. साक्ष मी देणार." वकिलांनी तिला दोनदा समजावून सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे देणे बाद होते, म्हणजे खोली तिची होणार नाही. ती म्हणाली, "खोली राहू दे. चौकात सगळे साक्षीला होते. घरातला एक तरी असू दे. सही कुठे करू ते दाखवा."

सबब कलम ५ मधली खोली मी इथे खोडून टाकत आहे. त्यातला बाकीचा एकही शब्द खोडायचा नाही. खोलीचे बक्षीसपत्र मी सोमवारी, जिवंतपणीच, तिच्या नावाने करून देणार आहे. ती नको म्हणेल. म्हणू दे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. हे मी पहिल्या अक्षरापासून स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले आणि दोघी साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : शिवणखोली, तळमजला
दिनांक : अकरा, गुरुवार, सकाळी

मृत्युपत्र करणारी : (सही)

साक्षीदार पहिली : (सही)
पाववालीची मुलगी. धंदा : बेकरी. नाते : शेजार.

साक्षीदार दुसरी : (सही)
धंदा : टपाल वाटणे, सरकारने बंद केलेले. मृत्युपत्र करणारीने माझ्यादेखत सही केली. वरचा सगळा मजकूर मी वाचला आहे, तो खरा आहे. त्या दिवशी चौकात मी तिन्ही खोकले ऐकले होते.
नाते : दादाची बहीण.