लाइन आली की

गुरुजी, तुमच्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे. तुमच्यामुळे मला घरात कुणी कोथिंबीर आणायला पाठवत नाही. परवा बायको म्हणाली, "कोथिंबीर घेऊन या." मी साहजिकच विचारलं, "किती? आणि नसली तर?" "त तुमचं डोकं आणा," म्हणाली आणि स्वतःच पिशवी घेऊन गेली.

हा रोग तुमच्या स्वयंपाकघरातला. मंगरूळपीरला तुमच्याकडे संस्कृत शिकायला यायचो, तेव्हा एकदा दूध कसं तापवायचं ते सूत्रासारखं लिहायला सांगितलंत. एक शब्द जास्त नको, एक कमी नको. मी लिहिलं आणि तुम्ही यथाशास्त्र पातेलं चढवलंत. दूध वर येतंय, आणि तुम्ही हात मागे बांधून बघताय. "गुरुजी, उतरवा ना!" "तसं तू कुठी लिहिलं?" दूध ओट्यावर. काकू आल्या, बघितलं, म्हणाल्या, "झालं असन तुमचं शास्त्र, त दोघंबी ओटा पुसा."

आता त्याच्यावरच माझं पोट चालतं. प्रोग्रॅम कसा वागावा, हे मी शब्दांत लिहून देतो. पूर्वी ते वाचून पुण्याची मुलं फोन करायची, "सर, असं झालं तर काय?" मी वैतागायचो. आता माझं लिखाण थेट यंत्राकडे जातं. ते लगेच प्रोग्रॅम लिहून देतं. विचारत काही नाही.

सध्याचं काम विहिरीवरच्या मोटारीचं; शेतात वीज, म्हणजे लाइन, कधीही येते-जाते. 'लाइन आली की मोटार आपोआप सुरू करावी.' सुटसुटीत वाक्य, तुम्ही मान डोलावली असती. हा प्रोग्रॅम घातलेला पहिला डबा इंझोरीला माझ्या थोरल्या भावाच्या विहिरीवर बसलाय. काल सहज फोन केला, तर दादा नुकताच विहिरीतून वर आला होता, मोटारीच्या पंख्यात हात घालून कचरा काढून. "डबा बंद केला होता ना?" "लाइनच नोती, त बंद कायले करू? तूबी गुरुजीवानीच करून राह्यला." इकडे सगळे असंच करतात. मला हे लहानपणापासून माहीत आहे.

वाक्य दुरुस्त केलं. आधी भोंगा, मग थोडा वेळ थांबणं, मग मोटार. लाइन तेव्हाच आली असती, तर दादाचा हात गेला असता. मी चहा प्यायलो, कप विसळून ठेवला. काहीच वाटलं नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठे पाठवणार, लॅपटॉपमध्येच राहील. पुढच्या आठवड्यात असे डबे धनजकडच्या विहिरींवर बसतील. तिथे सहज फोन करावा असं माझं कुणी नाही. लिखाण मी पुन्हा पुन्हा वाचतोय, गुरुजी. त्यात अजून काय राहिलंय, ते मला दिसत नाही.