बावीस मिनिटांची शांतता

४ मार्च

या नोंदींतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: परवा फेरीबोट खडकावर चढली, तेव्हा बावीस मिनिटे मदतीची हाक आलीच नाही, आणि याला बोटीवरचा रेडिओ-अधिकारी जबाबदार आहे. तो माझा जावई आहे. हा मुद्दा गैरलागू.

प्रवासी सगळे सुखरूप. बुडाले ते एक शिलाई मशीन.

पुरावा: मुलीच्या आग्रहाखातर त्याने आमच्या खिडकीत बोटीचा एक जुना रेडिओ, माइकसकट, बसवून दिला आहे. त्या दुपारी तो चालू होता. मी शेजारीच बसून आमच्या हिला वर्तमानपत्राची घडी कशी करावी, हे समजावत होतो. रेडिओवर एक शब्द ऐकू आला नाही. ज्याअर्थी ऐकू आला नाही, त्याअर्थी तो उच्चारलाच गेला नाही.

५ मार्च

जावई जेवायला आला.

"बाबा, घसा फुटेस्तोवर ओरडत होतो! कोणीतरी माइकचं बटण दाबून ठेवलं होतं. एकाने दाबलं की बाकी सगळे मुके."

"कोणी?"

"आमच्याकडे नुसती खरखर! ते कळलं असतं तर —"

"'कोणीतरी' हा पुरावा नव्हे."

"अहो, घास तरी गिळू द्या त्याला!" — ही.

नऊ तारखेला चौकशी. दोषी ठरला तर परवाना जाईल. मुलीने माझ्याशी बोलणे टाकले आहे. अबोला हा युक्तिवाद नव्हे, असे तिला चिठ्ठी लिहून कळवले.

७ मार्च

धक्क्यावरच्या पेपरवाल्याने आज अंक देताना विचारले, "सर, आधी उभी घडी, मग आडवी — बरोबर ना?" आणि हसू दाबले. त्याला कसे ठाऊक? असो. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये.

८ मार्च

न्हाव्यालाही ठाऊक! दोन उदाहरणांवरूनही काढू नये.

९ मार्च

चौकशीत किनाऱ्यावरच्या केंद्राची टेप वाजवली. बावीस मिनिटे वर्तमानपत्राची घडी — माझ्या आवाजात, उपमुद्द्यांसह. शेवटी ही: "अहो, माइकवरचा तो ठोकळा उचला बघू, मला पुसायचंय." पाठोपाठ जावयाची किंकाळी.

ठोकळा म्हणजे मी लिहिलेला ग्रंथ. विषय: तर्कदोष.

सगळे हसले. जावई हसला नाही. हात धरून त्याने मला पायऱ्या उतरवल्या.

कबुली: चूक एकच. मी बोलत असताना मला ऐकूही येते, असे मी गृहीत धरले.

ही म्हणते, "एकच खरी, पण चाळीस वर्षांची!"

हरकत नाही. नोंद घेतली.

सही — सासरा