दीड तासाचं विमान

अप्पा,

काल ऑफिसात एका सहकाऱ्यानं विचारलं, हैदराबादहून नाशिक किती लांब आहे. त्याची तिकडे बदली झाली आहे. मी लगेच सांगून टाकलं, हवाई अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या थोडं वर, विमानाला दीड तास. तो खुशीत गेला, आणि मला दिवसभर तुमची आठवण येत राहिली.

तुम्ही एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचात. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे आणि तुमचं जेवण होईपर्यंत आत स्टुलावर बसून राहायचे. एकदा खिडकीशी एक बाई उभी आहे, सटाण्याला भावाकडे निघालेली. किती टाइम लागंल, म्हणून विचारते. तुम्ही साडेतीन तास सांगता. मी मागून शहाणपणा करते की वेळापत्रकात तर अडीचच लिहिलेत. ती गेल्यावर तुम्ही डबा तसाच ठेवून माझ्याकडे वळलात. "वेळापत्रक गाडीचं असतं. तिकडे तिचा भाऊ उन्हात उभा राहील, त्याचा वेळ कोण धरणार?" आवाज चढला नव्हता, तरी मी घरी जाईपर्यंत फुगून होते.

पुढे तुमचं हृदयाचं दुखणं वाढलं. कधी ये म्हणाला नाहीत, त्या वेळी मात्र फोनवर म्हणालात, जमलं तर येऊन जा. मी म्हटलं, दीड तासाचं तर विमान आहे, उद्या दुपारी जेवायलाच येते. नंतर आईनं सांगितलं, तुम्ही सकाळीच दाढी केलीत, इस्त्रीचा शर्ट घातलात आणि पंचवटीतल्या आपल्या दारात खुर्ची टाकून गल्लीकडे बघत बसलात. पोर आल्याशिवाय ताट वाढू नको म्हणालात. जेवणानंतरच्या गोळ्याही त्यामुळे राहिल्या. मी रिक्षातून उतरले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. तुमचे ओठ सुकले होते.

"विमानाला उशीर झाला का गं?"

मी हो म्हटलं.

"चालायचंच. हात धू, जेवून घेऊ."

दुपारचं जेवण आपण संध्याकाळी जेवलो. तुम्ही दोन पोळ्या खाल्ल्यात, आईला नवल वाटलं. तुमच्या पंगतीला मी बसले ती शेवटचीच. दीड महिन्यानं तुम्ही गेलात, तेव्हा मी हैदराबादेत होते.

अप्पा, विमान वेळेवर होतं. साडेबाराला ओझरच्या विमानतळावर उतरले आणि नाशिककडे यायचं सोडून उलटी पिंपळगावला गेले. तिथल्या एका कोल्ड स्टोरेजला आमच्या कंपनीची मशिनं बसवायची होती, माझं तिकीटही त्याच कामावर निघालं होतं. तासाभरात आटपेल वाटलं, चार तास गेले. खरं सांगितलं असतं तरी तुम्ही काही बोलला नसतात. तरी मी विमानाचं नाव पुढे केलं.

आई अजूनही आल्या-गेल्याला सांगते, त्या दिवशी विमानानं फार उशीर केला हो. हा कागद तिच्या हातात द्यावा असं दोनदा मनात आलं. दिला नाही.