उजवीकडची बटणं

१४ नोव्हेंबर, दुपार

ती. दादा,

नमस्कार. पोचलास हे वहिनीकडून कळलं. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीच नाही.

भिंतीवरच्या घड्याळाबद्दल लिहायचं आहे. निघताना, "नीट करून ठेवलंय बघ," म्हणालास. चेहरा असा, की मी पाठ थोपटावी.

ते घड्याळ बाबांनी केलं होतं. आजारपणानंतर त्यांना डावीकडचं काही जाणवत नाही. डोळे चांगले, हात शाबूत, पण डावी बाजू त्यांच्यासाठी जगातच नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, मग मी ताट फिरवते. हे फोनवर शंभरदा सांगितलं, तू शंभरदा 'हं' म्हणालास.

जन्मभर कोट शिवलेला माणूस रिकामा बसून कुढत होता. म्हणून मी गोल फळी आणि घड्याळाचं मशीन आणलं. बाबांनी कोटाचं उरलेलं कापड घेतलं, आकड्यांच्या जागी बटणं शिवली. सगळी उजव्या अर्ध्यात, दाटीवाटीनं. मी तस्संच फळीवर ताणून बसवलं. काटा डावीकडे गेला की बाबा म्हणायचे, "फिरायला गेलाय, येईल." आम्ही दोघं पोट धरून हसायचो. वेळ बघायला माझ्या हातात घड्याळ आहे की.

शहाणपण पाजळायला तुला हीच जागा सापडली? बाबा झोपलेले असताना तू बटणं कात्रीनं कापून काढलीस आणि सारख्या अंतरावर डिंकानं चिकटवलीस. डिंकानं, दादा. शिंप्याच्या घरात.

तू गेल्यावर ते घड्याळासमोर उभे राहिले. त्यांना निम्मीच बटणं दिसली. बाकीची कुठे गेली, विचारलं. तुझं नाव घ्यायला जीभ रेटेना. पडली असतील, मी म्हणाले.

बराच वेळ ते कापडावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझा टाका कधी सुटला नव्हता गं."

तेव्हापासून सुई हातात घेत नाहीत. शेजारच्या काकू झगा दुमड घालायला घेऊन आल्या, तर म्हणाले, दुसरीकडे द्या, माझा हात गेला. मी ऐकत उभी होते. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि तो सगळा तुझ्या नावचा आहे.

खरं मी सांगणार नाही. 'टाका सुटला नव्हता, मी कापला,' हे तू सांगायचंस. फोनवर नाही, इथे येऊन. आणि बोलताना त्यांच्या उजवीकडे उभा राहा. डावीकडे राहिलास, तर ते तुलाही शोधत बसतील.

तुझी,
धाकटी