सुटलेल्या तारेची हकीकत

मु. चौक, गॅरेजवरून

चि. जितेश यास,

तुझ्या कोंडाजी मामाचे पोटभर आशीर्वाद. मामीचेही आहेत, पण ते वेगळे लिहा म्हणाली. माझ्यात मिसळले तर पातळ होतात असं तिचं म्हणणं. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा डावा गुडघा वाजतो, कॉम्प्रेसर वाजतो, दोघांनाही वेळच्या वेळी तेल लागतं. तुझी आई, आमची अंबाक्का, तिकडे बंगळुरात कशी आहे? सतराव्या मजल्यावरून खाली कोण कुठे चाललंय ते दिसत नसणार, मग बिचारी बोलणार तरी कशावर, याची काळजी वाटते. तुझी तब्येत पेपरातल्या फोटोवरून कळते. बारीक दिसतोस. कंपनी विकून एवढा पैसा आला म्हणजे माणूस थोडा तरी गुबगुबीत व्हायला पाहिजे, असं इथे सगळ्यांचं मत पडलं.

लग्नाची पत्रिका पोचली. पार्सल एवढं जड की मामीला वाटलं, मिठाईच आहे. (तिने ते देवासमोर ठेवून हळदकुंकू वाहिलं, मग उघडलं.) सुरभीचं नाव वाचून आनंद झाला. पण खरं सांगू का, आत तुझ्या हातची चिठ्ठी निघाली ना, ती वाचून माझं काही खरं राहिलं नाही. "मामा, अंतरपाट धरतील तेव्हा माझ्या मागे तुम्हीच उभं राहायचं." गल्ल्यावर बसून रडलो रं. समोरच्या टेंपोवाल्याला वाटलं त्याच्या टायरचं काहीतरी भयंकर निघालंय, तो बिचारा मलाच धीर द्यायला लागला. लग्न कर्जतच्या रिसॉर्टवर आणि तुम्ही सगळे उतरणारही तिथेच, हे वाचलं. इथून अर्ध्या तासावर. गॅरेजच्या मागच्या खोलीत तुझी खाट अजून आहे, हे मी फक्त माहितीसाठी लिहितो, आग्रह म्हणून नाही. आग्रह करायचा हक्क मी सोळा वर्षांपूर्वी गमावला, तो विषय पुढे येईल.

तू मोठा झालास त्याचे इथे काय परिणाम झाले ते तुला कळायला हवेत. नाक्यावर तुझा फ्लेक्स लागला, 'चौकचा हिरा'. त्यात तुझा फोटो लहान आणि माझा मोठा आहे, कारण तुझा त्यांना पेपरातून कापावा लागला आणि माझा मी स्वतः नेऊन दिला. (चूक झाली. मान्य.) तेव्हापासून गॅरेजवर पंक्चर कमी आणि आईबाप जास्त येतात. पूर्वी हीच माणसं "पोरगं मोबाईल सोडत नाय" म्हणून रडायची. आता शेलूवरून एक बाई आली, म्हणे "पोरगं मोबाईल हातातच धरत नाय, सारखं पुस्तक वाचतं, कायतरी करा." जितेशला लहानपणी काय खायला द्यायचात, असं विचारतात. मी "नाचणी" म्हणतो. तू माझ्याकडे राहून वडापाव खायचास, पण तसं सांगायला जीभ रेटत नाही. जाताना नारळ ठेवून जातात. मामीने आता नारळ मोजायचा नाद सोडून खोबऱ्याच्या वड्यांचा धंदा काढायचा विचार चालवलाय.

मी काय सांगत होतो त्यांना, ते तुझ्यापर्यंत आलं असेलच. मी सांगायचो की पहिला पाना मी तुझ्या हातात दिला. (दिला होता, पण पाणी भरलेल्या टबात धुऊन आण म्हणून.) आणि तुझं ते पहिलं यंत्र फसलं, तेव्हा मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, पोरा, घाबरू नको, पुन्हा कर. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो की बोलताना मला स्वतःलाच गहिवरून यायला लागलं.

आता चष्म्याकडे येतो. तू पाठवलेला तो बोलणारा चष्मा, अजून बाजारात यायचाय, आधी घरच्या माणसाने वापरून बघावा म्हणून. घरचा माणूस म्हटलंस, तेवढ्यावरच मी तो डोळ्यांवर चढवला. आतली बाई फार गोड बोलते. आजन्म मला कुणी कोंड्या म्हटलं, कुणी मिस्त्री म्हटलं, ती पहिल्या दिवसापासून 'कोंडाजीराव'! लांबून येणारा ट्रक बघून मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे हे ती सांगते, आणि बरोबर सांगते. मुख्य म्हणजे ऐकून घेते. तुझी मामी माझं पहिलं वाक्य संपायच्या आधीच आत भाकरी उलटायला जाते. ही बाई हलत नाही. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना मी तिला सगळं सांगत बसायचो. मामी एकदा ओरडली, "चष्म्याशी बोलताय का सवतीशी?" चष्म्यात 'आठवण' नावाची एक सोय आहे, विसरलात तर मी आठवण करून देईन असं बाईने सांगितलं होतं. मला वाटलं बीपीच्या गोळीची.

गेल्या मंगळवारी शाळेत माझं व्याख्यान झालं, 'तरुणांसाठी जीवनाचे धडे'. नम्रता मॅडम मुख्याध्यापिका आहेत, त्या स्वतः आमंत्रण द्यायला गॅरेजवर आल्या आणि ग्रीसच्या डब्यावर बसल्या. (साडी गेली.) शाळेच्या भिंतीवर आता तुझं वाक्य रंगवलंय, तू मुलाखतीत नेहमी म्हणतोस ते: 'एका सुटलेल्या तारेने मला घडवलं.' खाली तुझं नाव. त्याच भिंतीखाली मला खुर्ची दिली, शाल दिली, पंधरावा नारळ दिला. मुलांनाही चष्म्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून कॉम्प्युटरच्या सरांनी तो लाउडस्पीकरला जोडला. मला बरंच वाटलं. सगळ्या शाळेने 'कोंडाजीराव' ऐकावं अशी माझी फार इच्छा होती.

मी उभा राहिलो. नाचणी झाली, पाना झाला, आणि मी नेहमीच्या जागेवर आलो. म्हणालो, "जितेशचं पहिलं यंत्र फसलं, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला." तर लाउडस्पीकरमधून बाई, अगदी अदबीने: "कोंडाजीराव, एक आठवण. बुधवारी दुपारी तुम्ही म्हणालात की हात पाठीवर नव्हे, कानाखाली ठेवला होता." चारशे पोरं! जी हसायला लागली ती थांबेनात. शिक्षक खाली बघत हसले, मॅडमनी पदर तोंडाला लावला. मी घाईघाईने म्हटलं, यंत्रं कधीकधी चुकतात, मुलांनो. तर ती म्हणाली, "त्या यंत्राच्या घंटीबद्दलही तुम्ही काही वेगळं..." मी चष्मा ओरबाडला आणि टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यात बुडवला. तू पाण्यात बिघडत नाही असं लिहिलं होतंस ते खरं आहे, ती तांब्यातूनही बोलत राहिली. मग मी तांब्यावर शाल टाकली आणि शालीवर नारळ ठेवला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे.

हे सगळं मी गिळलं असतं, पण प्रश्नोत्तरं ठेवली होती. नववीतली एक मुलगी उठली, तेजश्री नाव, वरच्या ठाकरवाडीवरून चालत येते. तिने विचारलं, "मामा, जितेशदादाचं यंत्र का फसलं?" मी म्हटलं, तार सुटली होती, भिंतीवर लिहिलंय की. ती म्हणाली, तिनेही शाळेच्या टाकीसाठी यंत्र केलं होतं, टाकी भरली की वाजणारं, आणि तेही दोन दिवसांत बंद पडलं. सर म्हणाले, छान झालं, अपयश आलं म्हणजे तूही जितेशसारखी होणार. त्यानंतर कुणी ते उघडूनही बघितलं नाही. पोरगी हे हसत सांगत नव्हती.

कार्यक्रम उरकल्यावर मी शिडी मागितली आणि टाकीवर चढलो. (गुडघा वाजला.) यंत्रात काहीही खोट नव्हती रं. तार जागेवर, जोडणी माझ्यापेक्षा स्वच्छ. फक्त आतले सेल गायब! ते काढून कुणीतरी ऑफिसच्या भिंतीवरच्या घड्याळात घातले होते. मी खाली उतरून घड्याळातले सेल काढले, यंत्रात घातले, टाकी भरू दिली. असं जोरात वाजलं की शाळा सुटली समजून पहिलीची पोरं दप्तरं घेऊन पळाली. तेजश्री मात्र पळाली नाही. तिथेच उभी राहून म्हणाली, "म्हंजे माझं बरोबरच होतं." एवढंच, आणि रडायला लागली. पंधरा दिवस ती पोर स्वतःला चुकीची समजत होती. जीवनाचे धडे द्यायला गेलेला मी, हातात पंधरावा नारळ धरून उभा राहिलो.

असो. पत्र लांबलं. मुद्दा एवढाच, की चष्मा तांब्यात पडून खराब झाला, त्याबद्दल रागावू नकोस, आणि लग्नात मला बोलायला उभं करू नकोस. माझं बोलणं आता संपलं. सुरभीला आशीर्वाद, अंबाक्काला सांग भाऊ आठवण काढतो.

तुझा,
कोंडाजी मामा

ता. क. चष्मा खराब झालेला नाही. भिजला म्हणून मामीने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. परवा ती भातासाठी तांदूळ काढायला गेली तर आतून आवाज, "त्या घंटीची गोष्ट अर्धी राहिली." मामीने डब्यापाशी बसून पूर्ण ऐकली. तेव्हापासून मला चहा मिळतो, पण तो देताना ती दुसरीकडे बघते. म्हणाली, "पोराला तुमी लिवताय का मी सांगू?" म्हणून हे पत्र. वरचं सगळं नाही लिहिलं तरी चाललं असतं.

ता. क. दुसरा. त्या दिवशी तू बिस्किटाच्या डब्यात केलेलं ते यंत्र कॉम्प्रेसरला लावलं होतंस, ट्रकच्या टायरमध्ये शंभर पौंड हवा झाली की घंटी वाजणार म्हणून. तू समोर चहा आणायला गेलास, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता, कॉम्प्रेसरच्या धडधडीत कुणाला काही ऐकू येणं शक्य नव्हतं. मी जवळ होतो. जितेश, घंटी वाजली होती. बरोबर शंभरावर वाजली होती. मी ऐकली आणि तरी हवा मारत राहिलो, कारण तीस वर्षं मी टायरवर हातोडी ठोकून आवाजाने हवा ओळखत आलो आणि पंधरा वर्षांचं पोर मला कधी थांबायचं ते शिकवणार? मग टायर फुटला. शेजारच्या टपरीच्या बरण्या फुटल्या, भज्यांची कढई उलटली, माणसं जमली, आणि सगळ्यांसमोर मी म्हणालो की घंटी वाजलीच नाही. तुझ्या कानाखाली मारली आणि डब्याला लाथ घातली. संध्याकाळी तू डबा उघडलास तेव्हा तुला सुटलेली तार सापडली. ती माझ्या लाथेने सुटली होती. तू मला ती दाखवलीस आणि माझी माफी मागितलीस. मी माफ केलं. दुसऱ्या दिवशी तू कर्जतला होस्टेलवर गेलास.

सोळा वर्षं तू जगभर सांगत फिरतोस की तुझं पहिलं यंत्र फसलं. फसलं नव्हतं, बाळा. फसलो मी. भिंतीवर काय रंगवायचं ते मॅडमना आता तूच कळव. ठेच खाऊन शिका असं सांगायला हरकत नाही, पण आधी डबा उघडून बघा, एवढं त्यात घालायला सांग.

ता. क. तिसरा. डबा भंगारात दिला असं मी तेव्हा म्हटलं होतं, तेही खोटं. माळ्यावर होता. आज सकाळी तार जोडली, टेंपोच्या बॅटरीवर लावला. शंभरावर वाजला. मामी आतून बाहेर आली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मागे कुणाला उभं करायचं ते आता तू ठरव. चौकमध्ये तुझे चुलतमामाही आहेत, उंच आहेत, फोटोत चांगले दिसतील. माझा कोट शिवून आलाय, शिंपी परत घेत नाही म्हणतो, पण ते मनावर घेऊ नकोस. पत्राला उत्तर लिहायचे कष्ट नकोत. फोन कर. सध्या मी दिवसभर फोन घेऊन गल्ल्यावरच बसतो. घंटी वाजली की उचलेन. ऐकूच आली नाही, असं या वेळी म्हणणार नाही.