आरसेवालीचा खांदा

देगलूर, श्रावणातला शनिवार

राग अजून उतरत नाही. देवळाच्या दुरुस्तीला निजाम सरकारनं रक्कम मंजूर केली, म्हणून आम्ही गावभर साखर वाटली होती. झालं काय? चारी बाजूंनी काटेरी तार आणि उर्दूत एक पाटी, इमारतीला हात लावू नये. रक्कम संपली.

भिंतीतला पिंपळ मात्र तसाच. त्याचं मूळ आरसेवालीच्या खांद्यात शिरलंय. काळ्या दगडात कोरलेली बाई ती, आरशात बघत उभी. खांद्याला बोट जाईल एवढी भेग.

आज ओवरसियरला तोंडावर विचारलं. म्हणाला, "मास्तरसाहेब, पिंपळ काढल्याबिगर दगड बसत न्हाई. तुमच्या गावात कुऱ्हाड लावायला एक माणूस तयार होईना. मग तार लावली."

बहाणे सगळे. बाहेरून माणूस आणता आला नसता?

घरी हेच तावातावानं बायकोला सांगत होतो. ती नुकतीच आली होती, हातात रिकामा तांब्या, पदर तारेत अडकून फाटलेला. श्रावणी शनिवार, पिंपळाला पाणी घालायला तारेखालून आत गेली होती.

मी म्हणालो, "त्या पाण्यानंच खांदा फुटून राहिलाय."

"मग तुम्हीच का न्हाई घेतली कुऱ्हाड?" म्हणाली आणि पदर शिवायला बसली.

काय सांगू तिला? लहानपणापासून त्या पिंपळाला हात जोडल्याशिवाय मी पुढे गेलो नाही. आजही जोडले. ओवरसियरशी भांडायला जाताना.