बाबांची मूठ

३ फेब्रुवारी, सोमवार
पाव नाही, वीट! बाई म्हणतात, मीठ जास्त झालं, म्हणून यीस्ट मरगळलं आणि पीठ फुगलं नाही. मीठ जास्त? माझं? पाव भाजणाऱ्याची मुलगी आहे मी! अन्नविज्ञानाच्या या वर्गात सगळ्यांच्या आधी पीठ मळता येत होतं ते मला.

आणि जोडीला कोण, तर तोळामासा. (हे नाव अख्ख्या वर्गाने ठेवलंय, मी एकटीने नाही.) ही पोरगी यीस्टसुद्धा दोनदा मोजते. पाण्यात थर्मामीटर घालून डॉक्टरसारखी बघत बसते. आज माझ्या हातातलं मीठ बघून म्हणाली, "अगं, वजन कर ना, सहा ग्रॅम लिहिलंय." मी म्हटलं, आमच्याकडे हातच काटा असतो. दोघींना दहापैकी तीन.

४ फेब्रुवारी
अजून चिडलेलीच आहे.

६ फेब्रुवारी, गुरुवार
भर वर्गात बोलून बसले. बाई म्हणाल्या, "अंदाज म्हणजे ज्ञान नव्हे." मी उठलेच — माझे बाबा तीस वर्षं तीन किलो पिठाला एक मूठ मीठ घालतात, साठ ग्रॅम, ना कमी ना जास्त! मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत, ते आणखी वाईट. "छान. त्यांच्या दहा मुठी मोजून आण. आकडे जुळले तर वर्षभर हाताने घाल, मी चकार शब्द काढणार नाही. नाही जुळले तर परीक्षेपर्यंत सगळं काट्यावर."

तोळामाशाने लगेच शाळेचा काटा पिशवीत घालून दिला. वर सूचना — सपाट जागी ठेव! जशी मी तो छपरावरच ठेवणार होते.

७ फेब्रुवारी
कारखान्याच्या कँटीनवाल्याने चार ट्रे परत पाठवले. खारट म्हणे! महिन्यात तिसऱ्यांदा. नाचता येईना अंगण वाकडं — याची भाजी बिघडते आणि खापर आमच्या पावावर. आई म्हणाली, अजून एकदा झालं तर तो दुसरीकडून पाव घेईल, मग आपण काय करायचं? बाबा एवढंच म्हणाले, "मिठाच्या गोणीगोणीत फरक असतो."

८ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी भट्टी निवल्यावर बाबांना धरलं. "हे काय खूळ," म्हणत दोनदा सटकले. तिसऱ्यांदा मी दारातच उभी राहिले.

पहिली मूठ त्र्याऐंशी. दुसरी एक्केचाळीस. तिसरी शहात्तर! तोळामाशाच्या नावाने बोटं मोडली — काय भंगार काटा दिलाय! मग आमच्या मोठ्या तराजूचं अर्ध्या किलोचं वजन त्यावर ठेवलं. बरोबर पाचशे.

दहाही मुठी मोजल्या. एकही साठ नाही. बाबा ॲप्रनला हात पुसत राहिले.

९ फेब्रुवारी
नवीन कागद घेतला. साठ, एकोणसाठ, साठ, एकसष्ट... दोन मिनिटांत दहा आकडे झाले. बाबांवर वर्ग हसलेला मला चालणार नाही. बास.

१० फेब्रुवारी, सोमवार
कागद दिला. बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. "कमाल आहे! शुक्रवारी अख्खा वर्ग घेऊन येते तुमच्याकडे. असा हात पोरांनी बघायलाच हवा."

मेले! आगीतून फुफाट्यात. आणि तोळामासा म्हणते, "मी चुकले गं, सॉरी." तिने तरी भांडायचं ना!

११ फेब्रुवारी
बाबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं, भडकतील. त्यांनी दार लोटलं, उजवा हात टेबलावर ठेवला. "वर्ष झालं. या बोटांना काही जाणवतच नाही. मीठ हातात आलंय की नाही, तेसुद्धा बघून कळतं. तुझ्या आईला सांगायचा धीर होत नाही."

मी त्या कँटीनवाल्याला काय काय बोलले होते! इतकं रडू आलं की बाबाच मला गप्प करत बसले.

मग म्हणाले, "बाईंना खरे आकडे दे. आणि वर्गाला येऊ दे. त्या तुझ्या जोडीदारणीला सांग — मला काटा शिकव म्हणावं."